व्यसनात जगणं कसं असतं, हे मुलांना समजावताना: इंदूरच्या शाळांत नव्याने जाणाऱ्या कार्यकर्त्यांसाठी

२६ जूनचा व्यसनविरोधी दिन जवळ आला की शाळांचे फोन सुरू होतात. एखादं व्याख्यान द्या, पोस्टर स्पर्धा ठेवू, शपथ घेऊ. हे करायला काहीच हरकत नाही. पण त्यातून मुलांच्या हाती 'नशा वाईट' एवढंच लागतं, आणि ते त्यांना पहिलीपासून ठाऊक असतं. इतकं वाईट आहे, घरात इतकी भांडणं होतात, नोकरी जायची वेळ आली आहे, तरी शेजारचे काका रोज संध्याकाळी तेच का करतात, हे मात्र त्यांना कुणी सांगितलेलं नसतं. मग मुलं स्वतःच उत्तर शोधतात: काकांना मजा येत असणार, किंवा काका वाईट असणार.

दोन्ही उत्तरं चुकीची आहेत. व्यसन जडलेल्या माणसाची मजा बहुतेक वेळा केव्हाच संपलेली असते. तो घेतो ते चारचौघांसारखं वाटावं म्हणून, निदान त्रास थांबावा म्हणून. आपल्याला वर्गात हीच एक गोष्ट पोचवायची आहे. ती पोचली तर मूल घरातल्या किंवा गल्लीतल्या माणसाकडे वेगळ्या नजरेने बघतं, आणि उद्या त्याच्यावरच वेळ आली तर लपवण्याऐवजी कुणाशी तरी बोलतं.

आधी काय टाळायचं

घाबरवू नका. सडलेल्या फुप्फुसांची चित्रं, अपघाताचे व्हिडिओ, 'एकदा घेतलंत की संपलंच' अशी वाक्यं ऐकून मुलं त्या तासापुरती गप्प होतात, इतकंच. संयुक्त राष्ट्रांच्या अमली पदार्थविषयक कार्यालयाने २०१३ साली प्रतिबंधाचे आंतरराष्ट्रीय निकष काढले आणि २०१८ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेबरोबर त्यांची दुसरी आवृत्ती काढली. भीती घालणारी माहिती, एकतर्फी भाषण, पोलिसांकडून घेतलेला कार्यक्रम आणि व्यसनातून बाहेर आलेल्या माणसाची व्यासपीठावरची कहाणी, या सगळ्यांचा एक तर उपयोग होत नाही किंवा उलटा परिणाम होतो, असं त्यात नोंदवलं आहे. शेवटचा मुद्दा अनेकांना पटत नाही. त्याच्याकडे मी पुढे येतेच.

दुसरं म्हणजे पदार्थांची ओळख करून देऊ नका. काय कुठे मिळतं, कसं हुंगतात, कसं ओढतात, यातलं काहीही नको, 'सावध राहा' असं सांगण्यासाठीसुद्धा नको. केंद्र सरकारच्या सामाजिक न्याय मंत्रालयासाठी दिल्लीच्या एम्सने देशभर सर्वेक्षण केलं होतं, ते २०१९ मध्ये प्रसिद्ध झालं. हुंगायच्या पदार्थांचं प्रमाण १० ते १७ वर्षांच्या मुलांत १.१७ टक्के आणि मोठ्यांत ०.५८ टक्के निघालं. मोठ्यांपेक्षा मुलांत जास्त आढळणारा हा एकच प्रकार. हे पदार्थ घरात आणि दप्तरातच असतात, त्यामुळे आपण उच्चारलेला एक शब्दही कुतूहल वाढवायला पुरतो.

तिसरं, दारुड्याची नक्कल. गॅदरिंगमध्ये झोकांड्या खाणारं पात्र आलं की सभागृह हसतं. त्याच सभागृहात एखादी मुलगी अशी बसलेली असते जिला काल रात्री तसाच माणूस जिन्यावरून वर आणावा लागला. हसणाऱ्यांत तीही हसते, कारण न हसली तर कळेल. बेवडा, गर्दुल्ला, नशेडी हे शब्दही याच कारणासाठी बाहेर ठेवा. व्यसनात अडकलेला माणूस म्हणा. लांबतं, पण त्यात तिचे बाबा बसू शकतात.

शाळेशी बोलणं

नववी ते बारावी हा वर्ग धरा. त्याहून लहानांना पुढचा खेळ देऊ नका. मुख्याध्यापकांकडून सबंध एक दिवस मागून घ्या, एका तासात हे होत नाही. त्या दिवशीच्या सगळ्या शिक्षकांना आधी कल्पना हवी. पालकांना चिठ्ठी जायला हवी, आणि त्यात 'तुमच्या घराबद्दल काहीही विचारलं जाणार नाही' हे वाक्य ठळक हवं.

इंदूरच्या मराठी माणसांसाठी हे वाक्य फार महत्त्वाचं आहे. रामबाग, लोकमान्य नगर, राजेंद्र नगर इथली घरं पिढ्यान्‌पिढ्या एकमेकांना ओळखतात. गणेशोत्सवात एकत्र, हळदीकुंकवाला एकत्र, लग्न जुळवतानाही तेच मध्यस्थ. कुणाच्या घरात काय चाललंय हे सगळ्यांना अर्धवट माहीत असतं आणि उघडपणे कुणीच बोलत नाही. वर्गात एखाद्या मुलाने 'माझे मामा…' एवढं म्हटलं तरी संध्याकाळपर्यंत ते मामीच्या कानावर जाऊ शकतं. म्हणून वर्गात घरचं उदाहरण कधीही मागायचं नाही. कुणी आपणहून सुरुवात केलीच, तर शांतपणे म्हणा, "हे मला नंतर निवांत सांग," आणि नंतर खरोखर त्याला गाठा.

भाषेचंही आधीच ठरवा. शाळेत हिंदी आणि घरी मराठी, असं इथल्या आपल्या मुलांचं असतं. तास हिंदीत घ्यायला हरकत नाही, पण सोबत मराठी बोलणारं एक माणूस असू द्या. एकट्याने बोलायला आलेलं मूल पुष्कळदा आईशी बोलतं त्या भाषेत मोकळं होतं.

मण्यांचा दिवस

आता मुख्य खेळ. सामान अगदी साधं लागतं: प्रत्येकाला एक रिकामी काड्यापेटी, भरपूर साधे मणी, आणि वीतभर रिबन.

सकाळी पहिल्या तासाआधी प्रत्येकाच्या लिहित्या हाताची दोन बोटं, तर्जनी आणि मधलं, रिबनने सैलसर एकत्र बांधा. रक्त अडेल इतकं घट्ट नको. लिहिणं त्रासाचं व्हावं, दुखू नये. काड्यापेटीत दोन मणी द्या. नियम असा: दर तासाच्या घंटेला एक मणी 'खर्च' करायचा, म्हणजे वर्गातल्या डब्यात टाकायचा. टाकला की त्या तासापुरती रिबन सोडता येते. मणी नसेल तर रिबन बांधूनच लिहायचं. पुढच्या घंटेला रिबन पुन्हा बांधायची आणि पुन्हा मणी लागणार.

मणी मिळाल्यावर बक्षीस काहीच नाही, हे लक्षात घ्या. चॉकलेट नाही, गुण नाहीत. फक्त बोटं मोकळी होतात, म्हणजे सकाळी घरून निघताना जशी होती तशी. खेळाचा सगळा अर्थ इथे आहे. नवा कार्यकर्ता हमखास विचारतो की मुलांना काहीतरी गंमत द्यायला नको का. नको. गंमत दिलीत की मुलं पुन्हा 'मजेसाठी घेतात' या जुन्या समजाकडे वळतील.

मणी देणारा एकच कार्यकर्ता असावा, वर्गापासून लांब, पाण्याच्या टाकीमागे किंवा दुसऱ्या जिन्याखाली. सुरुवातीला तो फुकट देतो. तिसऱ्या तासापासून एका मण्यासाठी त्याच्या वहीत पाच ओळी लिहून द्यायच्या. मधल्या सुट्टीत तो जागा बदलतो आणि कुठे गेला ते सांगत नाही. सुट्टीनंतर एका तासाला दोन मणी लागतात, शेवटच्या दोन तासांना तीन. हे मुलांना आधी सांगायचं नाही, त्या त्या घंटेला जाहीर करायचं. शिक्षकांनी मात्र नेहमीसारखं शिकवायचं, वही तपासायची, 'अक्षर असं का' म्हणून विचारायचं.

दुपारनंतर काय होतं ते एका कोपऱ्यात बसून बघा. सकाळी हसत हसत रिबन बांधून घेतलेला मुलगा सुट्टीत डबा न उघडता जिने चढत-उतरत असतो. पोह्यांचा डबा दप्तरात तसाच राहतो. दोन मैत्रिणी एकमेकींना मणी उसने देतात, आणि सहाव्या तासाला त्यांचं बोलणं बंद होतं, कारण एकीने परत दिले नाहीत. एखादी मुलगी शेजारणीची काड्यापेटी हळूच सरकवते, एक मणी काढते आणि पेटी होती तशीच, त्याच कोनात परत ठेवते. तिला त्या वेळी अडवू नका. तिचं नाव घेऊन नंतरही काही बोलू नका. पण ती पेटी त्याच कोनात ठेवण्याची काळजी मनात नोंदवून ठेवा. चर्चेत त्या काळजीचा उपयोग होतो, नाव न घेता.

ज्याला खेळायचं नसेल त्याला निरीक्षक करा आणि कारण विचारू नका. निरीक्षकांची संख्या तुम्हाला बरंच काही सांगून जाते, ते स्वतःपाशीच ठेवा.

शेवटच्या तासाची चर्चा

घाईने अर्थ सांगायला बसू नका. आधी बारीकसारीक विचारा. आज डब्यात काय होतं? पाचव्या तासाला काय शिकवलं? आज मैत्रिणीशी कशाबद्दल बोललात? बरीच मुलं गोंधळतात, कारण पाचवा तास त्यांना आठवतच नाही. तो सगळा पुढचे मणी कुठून येणार याचा हिशेब करण्यात गेलेला असतो. मग विचारा: आज कुणाला काही खोटं सांगावं लागलं का? हात वर करायला लावू नका, मनातच उत्तर देऊ द्या. आणि मग: मणी मिळाल्यावर आनंद झाला का? इथे कुणीतरी म्हणतंच, "आनंद नाही, सुटल्यासारखं वाटलं." तिथे थांबा. ते वाक्य फळ्यावर लिहा.

मग मेंदूचं थोडक्यात सांगा. सुखाची चाहूल देणारं डोपामिन नावाचं रसायन मेंदूत असतं. नशेच्या पदार्थाने ते एरवीपेक्षा खूप जास्त सुटतं. हे वारंवार झालं की मेंदू स्वतःला सांभाळण्यासाठी त्याला मिळणारा प्रतिसाद कमी करतो. लग्नाच्या वरातीत डीजेला खेटून तासभर नाचल्यावर कान बधिर होतात, मग आईने हाक मारली तरी ऐकू येत नाही. आई हळू बोलत नसते. तसंच व्यसनातल्या माणसाला सराफ्यातला रात्रीचा खाऊबाजार, रंगपंचमीची गेर मिरवणूक, मुलीचा निकाल, सगळं फिकं लागतं. मुलीवरचं प्रेम आटलेलं नसतं. पूर्वीइतकाच परिणाम व्हायला त्याला जास्त मात्रा लागू लागते आणि ती नसली की शरीर बंड करतं. मुलं लगेच म्हणतात, "म्हणून शेवटी तीन मणी."

शरीराचं बंड म्हणजे काय, हेही स्पष्ट सांगा. हेरॉइनसारखा अफूपासून बनलेला पदार्थ थांबला की काही तासांतच नाक-डोळे गळतात, जांभयांवर जांभया येतात, अंगावर काटा येतो, जुलाब होतात, हाडं ठणकतात, झोप लागत नाही. दोन-तीन दिवस हे फार तीव्र असतं. आपल्याकडे गर्दच्या, म्हणजे ब्राउन शुगरच्या, रुग्णांत याला 'टर्की' म्हणतात. दारूची सवय जुनी असेल तर सकाळी हात थरथरतात, घाम फुटतो, आणि एकदम बंद केली तर काहींना फिट येते, भ्रम होतो, जीवही जाऊ शकतो. म्हणून रोज भरपूर पिणाऱ्या माणसाला खोलीत कोंडून 'आता सोडवतोच' म्हणणं धोक्याचं आहे. हे वाक्य मुलांना दोनदा सांगा. घरोघरी हा प्रयोग होतो, आणि तो करणारे प्रेमानेच करतात.

खेळाची मर्यादा सांगायला विसरू नका. आपली रिबन शेवटच्या घंटेला सुटते. त्या माणसाची सुटत नाही, सकाळी जाग येते तीच हिशेबाने. शिवाय आपण पदार्थाची धुंदी दाखवलेली नाही आणि दाखवायचीही नाही.

मुलं हमखास विचारतात ते

"भांग तर सरकारमान्य दुकानात मिळते, मग ती कशी वाईट?" माळव्यात हा प्रश्न यायचाच. खरं उत्तर द्या. १९८५ च्या अमली पदार्थ कायद्यात गांजा आणि चरस येतात, नुसती पानं येत नाहीत, म्हणून भांग परवान्याने विकता येते. पण कायदा काय विकू देतो आणि मेंदूवर काय परिणाम होतो या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दारू आणि तंबाखूही कायद्याने मिळतातच. मोठ्या मुलांना माळव्याच्या अफूची गोष्टही सांगता येते. एकोणिसाव्या शतकात इथली अफू मुंबईमार्गे चीनला जायची आणि इंदूर त्या व्यापाराचं मोठं ठाणं होतं. आजही मंदसौर-नीमचकडे परवान्याने अफू पिकते आणि तिच्यापासून वेदनाशामक औषधं बनतात. पीक एकच, एकाची वेदना थांबवणारं आणि दुसऱ्याची सुरू करणारं. मुलांना हे आवडतं, कारण त्यांच्याशी मोठ्यांसारखं बोललं जातं.

"रोज घेतात पण कामावर जातात, मग ते व्यसनी कसे?" हा प्रश्न विचारणाऱ्याकडे जरा नीट बघा. तो प्रश्न बहुधा घरातून आलेला असतो. उत्तर असं की किती घेतात यापेक्षा तीन गोष्टी पाहायच्या: ठरवलं तरी थांबता येतं का, बाकी सगळ्याच्या आधी तेच येतं का, आणि नसलं की शरीर मागतं का. निदान डॉक्टर करतील, आपण कुणावर शिक्का मारायचा नाही.

"मनात आणलं तर सुटतं, नाही का?" इथे रागावू नका, बहुतेक मोठी माणसंही हेच म्हणतात. मन लागतंच. पण मनाचा निर्धार मेंदूच्या ज्या भागाच्या जोरावर टिकतो त्या पुढच्या भागालाच व्यसनाने धक्का लागलेला असतो, आणि तो भाग विशीच्या मध्यापर्यंत पुरता पक्का झालेलाही नसतो. म्हणून औषधं, समुपदेशन आणि माणसांचा आधार, तिन्ही लागतात. मधुमेहासारखा हा बराच काळ सांभाळायचा आजार आहे. त्याच २०१९ च्या सर्वेक्षणात दारूवर अवलंबून असलेल्या ३८ जणांपैकी एकालाच कुठला ना कुठला उपचार मिळाल्याचं आढळलं. बाकीच्यांना मन नव्हतं म्हणून मिळाला नाही, असं कोण म्हणेल?

घरी न्यायचा आठवडा

वर्ग मोठा आणि जबाबदार असेल तर एक आठवडा प्रत्येकाने आवडीची एक गोष्ट बंद ठेवायची. रील्स, चहा, मोबाइलवरचा खेळ, किंवा इंदूरच्या मुलांसाठी सगळ्यांत अवघड, शेव. जेवण बंद नाही, औषध बंद नाही. रोज रात्री दोन ओळी लिहायच्या: तलफ केव्हा आली, तेव्हा सोबत कोण होतं. मधेच सुटलं तर तेही लिहायचं आणि दुसऱ्या दिवसापासून पुन्हा सुरू. मुलं लपवतात ते इथे. पाहुणे आले होते, सगळे खात होते, एक चिमूट काय मोजायची. व्यसनमुक्तीत याला स्लिप म्हणतात. स्लिप झाल्यावर लाज वाटून माणूस गटात यायचं थांबतो, आणि नुकसान तिथे होतं. हे मुलांना त्यांच्याच वहीतून दिसतं.

बाहेर आलेल्या माणसाला बोलवायचं असेल तर

निकषांचं म्हणणं मी वर सांगितलं. तरी माझं मत असं आहे की ज्याला व्यसनमुक्त होऊन काही वर्षं झाली आहेत असा माणूस लहान गटात, आधी ठरलेल्या प्रश्नांवर बोलला तर मुलांना समज येते. व्यासपीठ नको, हारतुरे नकोत. 'मी किती घ्यायचो, कसा पडलो, कसा उठलो' ही शौर्यकथा नको. तिच्यातून मुलांच्या हाती एवढंच लागतं की पडलं तरी उठता येतं. तीन गोष्टी विचारा: तेव्हाचा एक साधा मंगळवार कसा जायचा, आताचा कसा जातो, आणि कुणाच्या कुठल्या वागण्याने मदत झाली. तिसऱ्या उत्तराला सगळ्यांत जास्त वेळ द्या. कुणीतरी न रागावता जेवायला वाढलं, कुणीतरी डॉक्टरकडे सोबत आलं, अशी साधी उत्तरं येतात, आणि तशी मदत मुलांनाही जमण्यासारखी असते.

पुण्याच्या मुक्तांगणचं उदाहरण इथे सांगता येतं. १९८६ साली डॉ. अनिता आणि डॉ. अनिल अवचट यांनी ते सुरू केलं, पु. ल. आणि सुनीता देशपांडे यांच्या देणगीच्या आधाराने. व्यसन जडलेल्याशी आजारी माणसासारखं, सन्मानाने वागायचं, ही त्या घराची रीत. पु. ल. हे नाव इंदूरच्या मराठी घरात परकं नाही, आजी-आजोबांपर्यंत विषय पोचवायला त्याचा उपयोग होतो.

एकट्याने आलेलं मूल

कार्यक्रमानंतर कुणीतरी रेंगाळतं. बाटली भरतं, दप्तर आवरतं, पुन्हा उघडतं. त्याच्याशी बोलताना 'कुणाला सांगणार नाही' असं वचन देऊ नका, कारण ते पाळता येईलच असं नाही. मुलावर लैंगिक अत्याचार होत असल्याचं कळलं तर २०१२ च्या पोक्सो कायद्याने ते कळवावंच लागतं. म्हणा, "तुझ्या सुरक्षिततेचा प्रश्न असेल तर मला कुणाची तरी मदत घ्यावी लागेल, पण ती तुला सांगून घेईन."

घरातल्या कुणाच्या व्यसनाबद्दल असेल तर तीन वाक्यं स्वच्छ शब्दांत बोला. हे तुझ्यामुळे झालेलं नाही. ते थांबवणं तुझं काम नाही. तुला मदत मागायचा हक्क आहे. बाटल्या ओतून देणं, पैसे लपवणं, आजीला खोटं सांगणं अशी कामं ही मुलं वर्षानुवर्षं करत आलेली असतात, त्यामुळे दुसरं वाक्य ऐकून पुष्कळदा रडू येतं. रडू द्या.

मग माहिती एका कागदावर लिहून द्या. केंद्र सरकारची व्यसनमुक्ती हेल्पलाइन १४४४६. मानसिक आरोग्यासाठी टेलिमानस १४४१६. मूल स्वतः संकटात असेल तर चाइल्ड हेल्पलाइन १०९८. इंदुरात बाणगंगा इथलं सरकारी मानसिक रुग्णालय आहे. पोलिसांच्या भीतीने घरचे उपचार टाळत असतील तर सांगा की थोड्या मात्रेच्या प्रकरणात जो स्वतःहून मान्यताप्राप्त ठिकाणी उपचार घेतो, त्याला अमली पदार्थ कायद्याच्या कलम ६४-अ मध्ये खटल्यापासून संरक्षण आहे. हे कलम अनेक वडीलधाऱ्यांनाही माहीत नसतं. कागद मुलाच्या हातात देताना विचारा, हा घरी सापडला तर चालेल ना. नसेल चालत तर नंबर वहीच्या मागच्या पानावर गणिताच्या आकड्यांत लिहून द्या.

दोन आठवड्यांनी त्या शाळेत परत जा. व्याख्यान द्यायचं नाही, आठवड्याच्या वह्यांवर थोडं बोलायचं. मधल्या सुट्टीच्या लगेच आधीचा तास मागून घ्या, म्हणजे ज्याला थांबायचं आहे त्याला सुट्टीत थांबता येईल आणि बाकीच्यांना काही वेगळं वाटणार नाही.